आलू बंद करण्यापूर्वी

‘डॉक्टर, आलू चालेल का?’ वयस्क रुग्णाची तपासणी आटोपते, औषधांची चिठ्ठी हातात पडते आणि सोबत आलेली सून किंवा मुलगा दाराशी थांबून हा प्रश्न विचारतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात बटाट्याला अनेक घरांत आजही आलूच म्हणतात. ‘बटाटा’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. मूळ वनस्पती दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातली. नाव कोणतेही घ्या, विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. साखर आहे म्हणून बंद, वजन आहे म्हणून बंद, वात होतो म्हणून बंद.

वाचकहो, ‘बंद’ हा शब्द उच्चारायला सोपा आहे. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या ताटातून एकेक पदार्थ उचलला जातो, तेव्हा त्या जागी काय ठेवायचे हे सहसा कोणी ठरवत नाही. आजचा लेख त्या रिकाम्या जागेविषयी आहे, आणि ती जागा भरू शकणाऱ्या एका साध्या, मऊ, खमंग धिरड्याविषयी.

एका गृहस्थांचे उदाहरण देतो. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह बारा वर्षांचा. घरातील मंडळी अतिशय काळजी घेणारी. साखर वाढू नये म्हणून त्यांनी प्रथम साखर आणि गूळ थांबवला, ते योग्यच झाले. मग भात गेला, केळी गेली, आलू गेला. दात नसल्यामुळे भाकरी चावेना, म्हणून ती अर्ध्यावर आली. उरले वरणाचे पाणी, दुधी भोपळ्याची भाजी आणि चहाबरोबर दोन बिस्किटे. साखरेचा अहवाल उत्तम येत होता आणि घरात समाधान होते. मात्र आठ महिन्यांत वजन सात किलोंनी घटले होते, आणि पहाटे लघवीला उठताना ते दोनदा पडले होते. अशा रुग्णाचा साखरेचा कागद पाहून समाधान मानणे धोक्याचे असते.

वृद्धापकाळात स्नायूंचा ऱ्हास आपोआप सुरू असतो. त्यात आहार तोकडा पडला तर तो वेगाने होतो. मांडीचे स्नायू क्षीण झाले की खुर्चीतून उठणे जड जाते, तोल सावरत नाही, माणूस पडतो. खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण धरावे लागते. म्हणून प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर ती आनंदाची गोष्ट समजू नये. सहा ते बारा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीत ३ किलोंहून अधिक घट झाली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. त्यामागे क्षयरोग, थायरॉइडचा विकार, कर्करोग, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणामही असू शकतो. ही कारणे तपासून झाली, की मग ताटाकडे वळावे.

आलूमध्ये आहे काय?

१०० ग्रॅम आलूमध्ये साधारण १७ ग्रॅम कर्बोदके, २ ग्रॅम प्रथिने, थोडा तंतू, थोडे ‘क’ जीवनसत्त्व आणि ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. ऊर्जा ७५ ते ८० कॅलरी. म्हणजे आलू हे विष नाही, तसे ते पूर्ण अन्नही नाही. त्याची खरी उणीव प्रथिनांची आहे, आणि वृद्धांना नेमकी प्रथिनांचीच गरज अधिक असते. निरोगी वयस्क व्यक्तीने दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञ सुचवतात. ५० किलो वजनाच्या आजींसाठी हा हिशेब ५० ते ६० ग्रॅमचा होतो. चहा-बिस्किटांवर आणि वरणाच्या पाण्यावर तो कधीच जमत नाही.

दुसरी बाजू अशी, की आलू मऊ शिजतो, दात नसले तरी खाता येतो, त्याला स्वतःची तीव्र चव नसल्याने ज्याच्याशी गाठ घालाल त्याची चव घेतो, आणि बहुतेक ज्येष्ठांना तो आवडतो. ज्यांची अन्नावरची वासनाच उडाली आहे, त्यांच्या बाबतीत हा गुण लहान नव्हे. तेव्हा आलूला डाळीच्या पिठाची आणि दुधाच्या पदार्थाची जोड द्यावी, त्याचे प्रमाण मोजावे आणि तळण्याऐवजी तव्यावर भाजावा.

वेल्सच्या तव्यावरून

ही जोड सुचली ती दूरच्या एका प्रदेशावरून. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ, पावसाळी प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण भागातील खोऱ्यांत कोळशाच्या खाणी होत्या. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत भारतातून ब्रिटनमध्ये गेलेल्या अनेक डॉक्टरांनी या खाणकामगारांच्या वस्त्यांत वर्षानुवर्षे कुटुंबवैद्य म्हणून सेवा केली. जिथे तेथील डॉक्टर जायला फारसे उत्सुक नसत, तिथे आपल्याकडची मंडळी टिकून राहिली. आमच्या व्यवसायात वेल्सचे नाव त्यामुळे आपुलकीने घेतले जाते.

त्या प्रदेशात शिजवलेल्या आलूचा लगदा पिठात मळून त्याच्या चपट्या टिक्क्या भाजण्याची जुनी पद्धत आहे. भाजण्याचे साधन म्हणजे बिडाचा जाड, सपाट तवा. आपल्या आज्यांनी धपाटे ज्यावर भाजले, त्याचाच तो भाऊ म्हणावा. लीक नावाची, कांद्याच्या कुळातील लांब पातीची भाजी हे वेल्सचे राष्ट्रीय चिन्ह आहे. १ मार्चला, तेथील संत डेव्हिड यांच्या दिवशी, लोक ती अंगरख्यावर खोचून मिरवतात. आलू आणि लीक ही तिथली नित्याची जोडी आहे. सोबत केअरफिली या गावाच्या नावाने ओळखले जाणारे पांढरे, भुसभुशीत चीज असते. ते खाणकामगारांच्या शिदोरीत असे.

लीक आपल्या आठवडी बाजारात मिळणार नाही. तिची आठवण करून देणारी कांद्याची पात मात्र थंडीत जुडीने मिळते. केअरफिली चीजच्या जागी घरी फाडलेल्या दुधाचे ताजे पनीर कुस्करले, की पोत बराच जवळ जातो आणि चीजमधील मीठही टळते. उरली हळद. ती आपल्याकडे मागायला कोणाकडे जावे लागत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. स्वयंपाकात चिमूटभर हळद रंगासाठी, चवीसाठी जरूर घालावी. तिच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवून चालू गोळ्या मात्र थांबवू नयेत.

पातीचे आलू-धिरडे

हे प्रमाण दोन ज्येष्ठांसाठी, चार लहान धिरड्यांचे आहे.

मध्यम आकाराचे दोन आलू (सुमारे २०० ग्रॅम), बेसन अर्धी वाटी (५० ग्रॅम), ज्वारीचे पीठ दोन मोठे चमचे (२० ग्रॅम), कुस्करलेले ताजे पनीर ५० ग्रॅम, बारीक चिरलेली कांद्याची पात एक वाटी, किसलेले आले एक लहान चमचा, ओवा अर्धा लहान चमचा, हळद पाव चमचा, मिरपूड चवीपुरती, मीठ सपाट अर्धा लहान चमचा, ताजे दही दोन चमचे आणि भाजण्यासाठी तेल चार लहान चमचे.

आलू सालीसह उकडावेत आणि पूर्ण निवू द्यावेत. सकाळी उकडून ठेवलेले सायंकाळी वापरले तर अधिक चांगले, मात्र मधल्या वेळेत ते फ्रीजमध्ये ठेवावेत. थंड झाल्यावर आलूतील काही स्टार्च सावकाश पचणाऱ्या रूपात बदलतो. फरक थोडाच असतो, पण तो आपल्या बाजूचा असतो. साल काढून आलू किसावेत, म्हणजे गोळे राहत नाहीत.

पात दोन-तीन पाण्यांतून धुऊन अगदी बारीक चिरावी. लांब धागे वृद्धांच्या घशात अडकतात. पातीचा पांढरा भाग अर्धा चमचा तेलात दोन मिनिटे परतून घ्यावा, त्याने उग्रपणा जातो. मग सर्व जिन्नस एकत्र करून दह्याने सैलसर मळावे. घट्ट वाटले तर पाण्याचा हात लावावा. गोळा थालीपिठासारखा थापता आला पाहिजे, पण हाताला जड लागता कामा नये.

बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मध्यम तापवून त्यावर थोडे तेल पसरावे. ओल्या फडक्यावर तळहाताएवढे, पाव इंच जाडीचे धिरडे थापून तव्यावर टाकावे. मधे एक भोक पाडावे. झाकण ठेवून मंद आचेवर एक बाजू चार-पाच मिनिटे आणि दुसरी तीन मिनिटे भाजावी. घाई करू नये. बेसन आतून कच्चे राहिले तर पोटात वायू धरतो आणि दोष बिचाऱ्या आलूवर येतो. कडा करपू देऊ नयेत, कारण कडक कडा कवळीखाली बोचतात.

दोन धिरडी आणि वाटीभर दही एवढ्या जेवणातून साधारण १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. या दोन धिरड्यांतील कर्बोदके ज्वारीच्या एका मध्यम भाकरीएवढी असतात. म्हणून मधुमेही व्यक्तीने ती भाकरीऐवजी खावीत. भाकरी, भात आणि वर धिरडी असे केले तर साखर वाढणारच. सोबत एखादी शिजवलेली पालेभाजी असली की जेवण पूर्ण झाले. घरात साखर तपासण्याचे यंत्र असेल तर जेवणानंतर दोन तासांनी एकदा मोजून पाहावी आणि तो आकडा पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा. दुसऱ्या कोणाच्या साखरेवरून आपल्या घराचा नियम ठरवू नये.

कोणी जपावे?

मूत्रपिंडाचा विकार असून रक्तातील पोटॅशियम वाढते, अशा रुग्णांनी हे धिरडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. आलूप्रमाणे बेसनातही पोटॅशियम असते. आलूची साल काढून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले तर पोटॅशियम बरेच कमी होते. पण किती आलू चालेल हे रक्ताच्या अहवालावरूनच ठरते. अशा रुग्णांनी बाजारात मिळणारे ‘कमी सोडियमचे मीठ’ स्वतःहून सुरू करू नये, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते.

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी मिठाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरातील एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. वर दिलेल्या प्रमाणात एका व्यक्तीच्या वाट्याला सव्वा ग्रॅम येते. सोबत लोणचे, पापड किंवा खारवलेली मिरची घेतली तर हा सारा हिशेब वाया जातो. चटणी हवीच असेल तर कोथिंबीर आणि लिंबाची, बिनमिठाची करावी.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी हिरव्या पातीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. हिरव्या पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्व या औषधांचा परिणाम कमी करते. आठवड्यागणिक प्रमाण सारखे ठेवले तर अडचण येत नाही.

पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळण्याची क्रिया मंदावते. जेवताना ठसका लागणे, घास गालात धरून ठेवणे, जेवणानंतर आवाज ओलसर येणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला काय आणि कसे भरवायचे हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे. परवानगी असेल तर धिरड्याच्या कडा काढून, मधला भाग पातळ दह्यात किंवा कोमट कढीत पूर्ण मऊ भिजवून, लहान घासांनी, सरळ बसवून भरवावा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

आणि सर्वांसाठी एक सूचना. हिरवा पडलेला किंवा खूप कोंब फुटलेला आलू टाकून द्यावा. त्यातील सोलॅनिन हे विषारी द्रव्य शिजवल्याने नष्ट होत नाही. आलू अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत.

एकादशीचा आलू

आपल्या जिल्ह्यात हा विषय उपवासाशिवाय पूर्ण होत नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आणि ज्योतिर्लिंगाचे औंढा नागनाथ, दोन्ही आपल्याच भूमीत आहेत. एकादशी, श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र ही व्रते ज्येष्ठ मंडळी निष्ठेने करतात. त्या दिवशी आलू, साबुदाणा आणि भगर हे तिन्ही एकाच ताटात येतात, तेही तुपातेलात. तिन्हींत स्टार्चच मुख्य. दिवसभर पोट रिकामे आणि संध्याकाळी हा भार, यामुळे साखर आधी खाली आणि मग वर जाते.

उपवासासाठी धिरड्यात बदल करावा. बेसन, ज्वारी, पात आणि हळद वगळून २०० ग्रॅम आलूत राजगिऱ्याचे पीठ चार मोठे चमचे, शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट दोन चमचे, पनीर, जिरे आणि थोडे आले घालावे. पनीर उपवासाला चालत नसेल तर दही वाढवावे. साबुदाण्यापेक्षा राजगिऱ्यात आणि शेंगदाण्यात प्रथिने कितीतरी अधिक असतात. सैंधवही शेवटी मीठच आहे. उपवासाचे म्हणून ते सढळ हाताने घालू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट गोळ्यांची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी निर्जळी उपवास घातक ठरतो. म्हणून उपवासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून त्या दिवशीचा डोस ठरवून घ्यावा. गोळी मनाने बंद करू नये आणि मनाने चालूही ठेवू नये.

दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे किंवा अकारण चिडणे ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. वृद्धांमध्ये कधी कधी केवळ गुंगी दिसते आणि घरचे लोक ‘उपवासाचा थकवा’ म्हणून झोपू देतात. असे करू नये. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा यंत्र नसले तरी ही लक्षणे असतील, तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. तरीही साखर वर आली नाही तर तेवढीच पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर काही खायला द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. या प्रसंगी उपवास मोडला जातो याची खंत करू नये.

सांभाळणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठांची सेवा करणाऱ्या लेकी-सुनांना आणि मुलांना माझी विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचे वजन करावे आणि ते औषधांच्या फाइलमध्ये तारखेसह लिहावे. साखरेच्या आकड्याइतकेच हे वजन मला, किंवा आपल्या डॉक्टरांना, उपयोगी पडते. एखादा पदार्थ थांबवण्याचा सल्ला मिळाला तर त्याच वेळी विचारावे, ‘त्याऐवजी काय देऊ?’ हे सांगणे आम्हा डॉक्टरांचे काम आहे.

ज्या गृहस्थांचा उल्लेख वर आला, त्यांच्या तपासण्यांत वजन घटण्याचे दुसरे कारण निघाले नाही. त्यांचा आहार नव्याने बसवला. घट्ट वरण, दूध, दही आणि आठवड्यातून दोनदा भाकरीऐवजी हे धिरडे. खुर्चीवरून दहा वेळा उठण्या-बसण्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ, कोणीतरी शेजारी उभे राहून. साखर थोडी वर सरकली, तेव्हा गोळीत किरकोळ बदल करावा लागला. तीन महिन्यांत अडीच किलो वजन परत आले. आता ते आधार न घेता ओट्यावर येऊन बसतात.

आपल्याकडे आजी असतील आणि हात चालत असतील, तर किसलेला आलू आणि पीठ त्यांच्यापुढे ठेवून थापण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. धपाटे थापण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे शिकवावे लागणार नाही. शिवाय स्वतः थापलेल्या धिरड्यातला अर्धा घास कोणी पानात टाकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पुढील अंकात : सैल झालेली कवळी आणि कमी झालेले जेवण.